भरलेली बाटली

"बाटल्या उपड्या!" निवृत्त सुभेदार रामहरी ओरडला. सैन्यभरतीच्या तयारीला आलेल्या पोरापोरींनी रिकाम्या बाटल्या डोक्यावर पालथ्या धरल्या. ज्याच्या अंगावर पाणी सांडेल, त्याला धावायला बंदी. डाळजच्या त्या मैदानावर पाणी न पिण्याइतका मोठा गुन्हा दुसरा नव्हता. सुभेदाराला पाण्याचं खूळ लागलंय, असं गाव हसून म्हणे. खूळ कशानं लागलं, ते गावाला ठाऊक नव्हतं.

मैदानाच्या कडेला मोरगावची प्रयागबाई नातीला घेऊन उभी होती. रामहरीनं तिला लगेच ओळखलं. अठरा वर्षांपूर्वी राजस्थानातल्या सरावातून तिच्या लेकाचं, भिमाचं शव आणि सामान घेऊन तोच तिच्या दारात गेला होता. ऊन लागून गेला, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

"सायेब, ही भिमाची सोनम. हिला तुमच्याच हाताखाली घ्या." मग ती त्या पालथ्या बाटल्यांकडे बघत राहिली. "भिमाच्या सामानातली बाटली गच्च भरलेली व्हती. माझंच पाप हाय ते. मेंढरांमागं जाताना मीच त्याला शिकवलं, पाणी पुरवून पी, आधी कोकरांना पाज. तीच सवय लेकराला भोवली."

 रामहरी गप्प राहिला असता तर आणखी अठरा वर्षं झाकून गेलं असतं. पण ही माउली त्याचं पाप स्वतःच्या पदरात बांधून हिंडत होती! त्याला स्वतःची शिसारी आली.

"न्हाय मावशी. पाप माझं हाय. वाळवंटातली चाल संपली की बाटली भरलेली दिसली पायजे, हा हुकूम माझा व्हता. तहान मारली की जवान टणक होतो, असं आमाला शिकवणारे जुने उस्ताद सांगायचे. फौजेनं ते कवाच सोडलं व्हतं, मी सोडलं न्हवतं. भिमानं दोनदा इचारलं, पिऊ का? मी न्हाय म्हणालो."

  रामहरी मान खाली घालून प्रयागबाईपुढं उभा राहिला. ती नातीला घेऊन परत जाईल, अशीच त्याची खात्री होती.

 प्रयागबाईनं पिशवीतून भिमाची ती जुनी हिरवी बाटली काढून सोनमच्या हातात दिली आणि तिला रांगेकडे ढकललं.

"जा. पण तहान लागली की ह्या सायबाला इचारत बसू नगंस."