बोर्डिंगातले दोस्त

"आन् पाणी?" मोहनरावांनी विचारलं.

"नळाचं, काका. खोलीतून भायेर पडलं की नळ. आंघोळीला निराळी जागा हाय."

गेवराईच्या मोहनरावांच्या ओसरीवर गहिनीनाथ हैदराबादच्या बोर्डिंगाची माहिती सांगत होता. तिथल्या उर्दूतून शिकवणाऱ्या विद्यापीठात पहिलं वर्ष काढून तो उन्हाळ्याच्या सुट्टीत उमापूरला घरी आला होता. मोहनरावांना आपल्या पंडितला यंदा तिथंच घालायचं होतं, म्हणून त्यांनी सांगावा धाडून बापलेकांना बोलावून घेतलं होतं. गहिनीनाथचे वडील सुंदरराव शेजारी सुपारी कातरत बसले होते. मुळातच कमी बोलणारा माणूस. चार शब्दांचं काम असलं तर ते दोन शब्दांत उरकत.

पंडित दाराला टेकून ऐकत होता.

गहिनीनाथनं सगळं सांगितलं. विजेचे दिवे, पुस्तकांची भली मोठी इमारत, चेंडूफळीचं मैदान, हिंदू पोरांचा वेगळा भटारखाना. फी, जेवण, धुलाई धरून खर्च किती येतो तेही सांगितलं.

"झेपंल," मोहनराव म्हणाले. "खोली एकेकट्याला का?"

"दोघांत एक. माझ्या खोलीतली दुसरी खाट रिकामीच हाय. पंडितला तीच मिळंल, काका. मी आधीच सांगून ठिवतो. खिडकीजवळची खाट हाय, वारा येतो. त्याला पायजे तर माझी देईन." हे तो जरा घाईनं बोलला.

मोहनरावांचं मन झालं होतं. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, भामाबाईंचा आवाज आला.

"एक इचारू का, बाळा? ह्यो कधी घर सोडून राह्यला न्हाई. करमंल का त्याला तिथं? तुला दोस्त हायेत का?"

"हायेत की, काकू. लई हायेत."

"नावं तरी सांग."

"महबूब हाय. रामय्या हाय. यल्लय्या."

"कोन्या गावचे म्हणायचे?"

"महबूब बिदरचा. सांजच्याला त्याच्यापाशीच बसतो मी."

"आन् त्यो काय शिकतो?"

गहिनीनाथनं पंडितकडं पाहिलं. पंडित त्याच्याकडंच बघत होता. एक लहानसं खोटं पुरलं असतं. पुढं ते उघडं पडलंच असतं, पण तोवर पंडित खिडकीजवळच्या खाटेवर येऊन पडलेला असता.

"त्यो फाटकावर असतो," तो म्हणाला. "पहाऱ्याला. रामय्या सैपाक करतो. यल्लय्या कपडे धुतो."

सुंदररावांचा अडकित्ता थांबला.

भामाबाई उंबऱ्यात आल्या. "आन् शिकणारी पोरं?"

"चांगली हायेत, काकू. कोणी वंगाळ वागत न्हाई. पैल्याच आठवड्यात मला धडा वाचायला उभं केलतं. त्यांचा 'ख' घशातून येतो, माझा येत न्हाई. सारे हासले. मी बी हासायला पायजे होतं. पर मी खाली बसलो, आन् तवापून बोललोच न्हाई. थोडे दिवस त्येंनी इचारपूस केली. मग सोडून दिलं."

मोहनरावांनी खाकरून घेतलं. "पंडितची उर्दू तर ह्याच्याहून कच्ची," ते सुंदररावांना म्हणाले. "औरंगाबादला त्याचा मामा हाय. तिकडंच बघू म्हणतो."

"बघा," सुंदरराव म्हणाले.

पंडितनं मान खाली घातली. पण त्याआधी त्याच्या तोंडावर सुटल्याचा भाव येऊन गेला, तो गहिनीनाथला दिसला.

भामाबाईंनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. गहिनीनाथच्या ताटात त्या न विचारता वाढत राहिल्या.

ऊन उतरल्यावर गाडी उमापूरच्या वाटेला लागली. कासरा सुंदररावांच्या हातात होता. गहिनीनाथ मागं बसून बोलणी खायची वाट बघत होता. चारचौघांत बापाची मान खाली घालायला लावली होती त्यानं.

"वरीसभर," सुंदरराव पुढं बघतच म्हणाले, "मराठी कोणासंगं बोललास का?"

"न्हाई, आप्पा."

मग सुंदररावांनी घसा साफ केला.

"ह्यो डाव्या अंगाचा बैल... लई हट्टी हाय ह्यो. घेतला तवा कोणी सांगितलं न्हाई."

"हां."

"तुजी भिवराआत्या शेजारणीसंगं भांडली. कोंबडीवरून. आता दोघी पाण्याला निरनिराळ्या वाटंनं जात्यात." ते थांबले. पुढचं सुचेना. मग सुचलं. "हिरीचा झरा सरकलाय. आधी उगवतीला व्हता, आता दगडाखालून येतोय."

सुंदरराव बोलत राहिले. अडखळत, एकाच गोष्टीचं शेपूट दुसरीला बांधत. सुगी सांगितली, सोयरिकी सांगितल्या, मेलेल्या माणसांची भांडणं सांगितली. गहिनीनाथ आधी नुसता हूं हूं करत होता. मग "का?" म्हणाला. मग "पुढं?" म्हणाला. मग उठून पुढं, बापाच्या शेजारी जाऊन बसला.

"मी तुज्यायेवढा असताना गोदावरीत वाहून चाललो व्हतो. ठावं हाय का?"

"न्हाई."

"कोणालाच ठावं न्हाई. तुज्या आईला बी न्हाई."

उमापूर आलं. घराकडं वळायची वाट उजव्या हाताला होती. बैलांनी आपणहून माना तिकडं केल्या. सुंदररावांनी कासरा ओढून गाडी सरळ हाकली.

"आप्पा, घर मागं राह्यलं."

"राहू दे," सुंदरराव म्हणाले. "तर काय सांगत व्हतो, पाणी छातीपरेंत आलतं..."