कानमास्तरांचा कौल

इंजिनाचा सलग तिसरा ओतीव ब्लॉकही कानमास्तरांनी नापास केला, तेव्हा आराखडा काढणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. स्पोर्ट्‌स कारच्या या इंजिनाचं वजन वाचवायला त्यांनी दोन सिलिंडरांमधली भिंत जेमतेम पाच मिलिमीटरची ठेवली होती. ती ओतताना ओतकाम करणाऱ्यांच्या नाकी नऊ आले होते.

ब्लॉक थंड झाला की कानमास्तर तो साखळीनं टांगायचे, छोट्या हातोडीनं एकच टोला द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. धड ब्लॉक लांबवर घुमतो, भेगाळलेला बद्द वाजतो. फरक केसाएवढा, बाकीच्यांना सगळे टोले सारखेच. यंत्राला न दिसणारी, इंजिन तापल्यावरच उघडणारी भेग त्यांचा कान पकडायचा. तीस वर्षांत त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. नापास ब्लॉक त्याच दिवशी फोडून परत भट्टीत जायचा.

या वेळी मात्र कुजबुज सुरू झाली. चाचणीला गाडी पळवणार होता त्यांचा जावई. मागच्या वर्षी त्याच्याच गाडीत, त्याच्या शेजारी बसलेली त्यांची एकुलती एक मुलगी अपघातात गेली होती. चौकशीत तो सुटला. आता ही गाडी धावली नाही तर त्याची नोकरी जाणार होती. सासऱ्यानं डूख धरलाय, असं लोक म्हणायला लागले.

मास्तरांच्याही ते कानावर आलं. त्यांना राग आला नाही. मुलगी गेल्यापासून त्यांना काहीच वाटत नव्हतं, भूकसुद्धा लागत नव्हती. वेळ झाली की जेवायचे, एवढंच.

चौथा ब्लॉक टांगला. जावई दाराशी येऊन उभा राहिला. टोला पडला. मास्तरांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ डोळे मिटून घेतले. मग खडू उचलून ब्लॉकवर पास झाल्याची खूण केली.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जावई जवळ आला.

"बाबा, मला वाटलं होतं, तुम्ही मला कधीच माफ करणार नाही."

"घरचं कामात आणू नये," मास्तर म्हणाले. "पूर्ण वेगानं पळव. तिला आवडायचं."

जावयाला रडू फुटलं. मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हातोडी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि हात धुवायला गेले. पहिले तिन्ही ब्लॉक छान घुमले होते. भेग या चौथ्यात होती.