त्रेचाळिसावा कप

"नाही," काका म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

हा बेचाळिसावा 'नाही' होता. ओट भिजवून, वाटून, गाळून पुतणीने बेचाळीस वेळा दूध केलं होतं, ज्यांना गाई-म्हशीचं चालत नाही त्यांच्या कॉफीसाठी. आधीच्या कपांना निदान शेरे तरी मिळाले होते. एकाला "भिजलेला पुठ्ठा". एकाला "कपड्यांची खळ". मध्येच तिने बदामाचं करून पाहिलं, तेव्हा "हे प्यायचं की तोंडाला लावायचं?" आज नुसतंच नाही.

काकांनी डेअरीत अडतीस वर्षं दूध तपासलं होतं. नुसत्या वासावर ते सांगायचे, हे कालचं, यात पाणी, हे तळाला लागलंय. लागलेल्या दुधाला तर त्यांनी कधीच माफी दिली नाही. गावभरचे कॉफीवाले अजून त्यांच्या जिभेवर डोळे मिटून विश्वास ठेवत. चौकातल्या कॉफीवाल्याने म्हणूनच सांगितलं होतं, "काका हो म्हणाले तर तुमचं दूध. नाहीतर मी दुसरं बघतो." तो अकराला येणार होता. साडेदहा वाजून गेले होते. त्याने पाठ फिरवली की ही एका खोलीची कार्यशाळा बंद, आणि पुतणी पुन्हा कारखान्यात बिस्किटांची जाडी मोजायला.

"काका, काय कमी आहे ते तरी सांगा."

"तेच सापडत नाहीये गं. दूध झालंय. माझी कॉफी होत नाहीये."

हे तिला फार झोंबलं. कारण सगळा खटाटोप सुरू झाला होता तो काकांसाठीच. डॉक्टरांनी दूध बंद केलं, तेव्हा त्यांनी कॉफीच सोडली. एकदा काळी पिऊन बघितली आणि उगाच कुणी ओरडल्यासारखं तोंड करून कप परत दिला. ते तोंड तिला बघवलं नव्हतं.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. रडायचं नाही असं ठरवलं. रडू आलंच. उरलेलं दूध शेगडीवर होतं. ओटचं दूध सारखं ढवळावं लागतं, नाहीतर खाली धरतं. हे तिला झोपेतही ठाऊक होतं. फक्त त्या पाच मिनिटांत आठवलं नाही.

वास आला तशी ती धावली. पण काका तिच्याआधी पातेल्यापाशी पोचले होते.

"कप दे."

"काका, ते लागलंय. फेकते मी."

"कप दे म्हटलं ना."

त्यांनी स्वतःच कॉफी केली. एक घोट घेतला. मग दुसरा. आजवर बेचाळीस कपांतला एकही त्यांनी दोन घोटांपुढे नेला नव्हता. हा त्यांनी तळापर्यंत प्यायला आणि स्टुलावर बसून राहिले.

"हे दे त्याला," ते म्हणाले.

कॉफीवाला अकराला आला. उभ्या उभ्या प्यायला, मिशी पुसली, रिकाम्या कपात डोकावला.

"काय घातलंय यात?"

पुतणीने काकांकडे पाहिलं.

"दुर्लक्ष," काका म्हणाले.

तो पोट धरून हसला आणि सोमवारपासून रोज वीस बाटल्या सांगून गेला.

दार लागलं तशी ती काकांकडे वळली. "आता मी रोज मुद्दाम दूध लागू देऊ? आणि तुम्ही ते पास केलंत? तुम्ही?"

काका चमच्याने पातेल्याचा तळ खरवडत होते. "तुझी आजी दूध तापत ठेवायची आणि पुस्तक उघडायची. प्रकरण संपेपर्यंत उठायची नाही. आमच्याकडे दूध रोज लागायचं. त्याच दुधाची कॉफी पिऊन मी शाळेत जायचो. दुधाची चवच तशी असते, असं मला वाटायचं. ती गेली, त्याच वर्षी मी डेअरीत रुजू झालो."

"मग तिथे लागलेला कॅन आला की?"

"परत पाठवायचो. नियम म्हणजे नियम." त्यांनी चमचा चाटला. "फक्त आधी थोडा वेळ झाकण उघडून त्याच्याशेजारी उभा राहायचो."