एकटीला पेलेल अशी

सत्त्याण्णव साली सुकलालने सुरतेतली वडिलांची जड लाकडी होडी विकली आणि फायबरची हलकी होडी आणली. ती डोक्यावर घेऊन बायको प्रमिला तापीच्या काठापासून झोपडीपर्यंत तीनदा चालली. तो नुसता मागून येत होता.

"परत उचल."

चौथ्यांदा तिने होडी वाळूत आपटली. "तुम्ही एकदा तरी हात लावा ना! मी काय बैल आहे?"

सुकलाल खाली बघत म्हणाला, "आठ दिवस झाले, माझा उजवा हात उचलला जात नाही. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

प्रमिला त्या हाताकडे बघत राहिली. मग होडी डोक्यावर घेऊन ती नदीकडे वळली.

"चला, वल्हं मारायला शिकवा."