नेमकं विशेषण

टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यात सारं माद्रिद खोकत होतं आणि लेआंद्रो त्याची भाषा सुधारत होता. वर्तमानपत्रात तो शब्दांच्या अचूक वापरावर सदर लिहायचा. त्याची बायको विसितासिओन, औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेली, आजारी पडून आतल्या खोलीत वेगळी राहत होती. दुपारी तिने अंथरुणातूनच त्याला फोन लावला.

“अरे, श्वास पुरत नाहीये. रुग्णवाहिका बोलाव.”

“एक मिनिट गं. कोरोनाच्या आजाराला ‘कोरोनाविरिको’ हे विशेषण लावायचं, तर लोक ‘कोरोनाविरल’ लावतात. अडाणी कुठले! चारपर्यंत लेख द्यायचाय मला.”

“लोक गेले खड्ड्यात. माझा ऑक्सिजन शहाऐंशीवर आलाय. नखं निळी पडलीत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “काय म्हणालीस? पुन्हा सांग, सावकाश.”

तो रुग्णवाहिकेसाठीच माहिती घेतोय, अशा समजुतीने तिने उरलासुरला श्वास खर्चून सगळं नीट सांगितलं. त्याने शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि “झकास!” म्हणून फोन ठेवला. पाऊण तास कोणी आलं नाही. शेवटी तिने भिंत बडवली, तेव्हा शेजारणीने रुग्णवाहिका बोलावली.



दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिच्या फोनवर नवऱ्याने मोठ्या अभिमानाने सदराचं कात्रण पाठवलं. विशेषणाच्या अचूक वापराचं उदाहरण म्हणून त्यात छापलं होतं, “माझ्या बायकोची नखं कोरोनाविरिको आजाराने निळी पडली आहेत.”