पाचवं नख

वडील वारल्यानंतर श्यूलान पहिल्यांदाच गावच्या समुद्रमातेच्या देवळात आली आणि थेट त्यांनी घडवलेल्या दगडी खांबापाशी गेली. खांबाला ड्रॅगनचा विळखा होता.

त्याचे पंजे वडिलांनी घरी पाळलेली घोरपड समोर बांधून कोरले होते. घोरपडीला बोटं पाच, पण वडील चारच कोरायचे. म्हणायचे, "पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाचा. बादशहा गेला, तरी पाचवं नख त्याचंच." मग हत्यारं गुंडाळायचे, आणि छोटी श्यूलान त्यांची वाकडी करंगळी धरून घरी जायची.

आज तिनं पंज्याची नखं मोजली. पाच भरली. शेवटचं वाकडं होतं.

"त्वानकाका, हे पाचवं कुणी बसवलं?"

देवळाची राखण करणारे म्हातारे त्वानकाका उदबत्त्या ठेवून आले. "तुझा बाप मेला तरी पाचवं कोरायचा नाही, पोरी."

श्यूलाननं ते नख मुठीत धरलं. दगड कोमट लागला.

काकांनी चष्मा लावून एकेका नखावर बोट टेकवलं. "एक, दोन, तीन, चार. झालं. आणि तू रिकामी मूठ कशाला आवळून धरलीयस?"

तिच्या मुठीला हलकाच हिसका बसला, घरी निघताना वडील द्यायचे तसा.