आत्याच्या चिठ्ठ्या

आत्याने नाताळच्या भेटींच्या चिठ्ठ्या स्वतः प्रत्येकाच्या हातात ठेवल्या. "ज्याचं नाव, त्याला भेट. कुणी कुणाला सांगायचं नाही."

धाकट्याने चिठ्ठी उघडली, तर आत त्याचंच नाव. खर्च वाचला म्हणून त्याला हसू आवरेना. बुटांच्या रिकाम्या खोक्यात वजनाला दोन जुनी कुलुपं टाकून त्याने वर चकचकीत कागद चढवला.

नाताळच्या सकाळी त्याने झाकण बोटभर उचललं आणि लगेच लावून टाकलं. "वा, अगदी हवं होतं तेच."

"मलाही," म्हणत वहिनीने आपलं खोकं झटकन बंद केलं. दाजींनी तर आपलं खुर्चीखालीच सरकवलं.

"प्रत्येकाला त्याच्याच नावाची चिठ्ठी दिली होती मी," आत्या चष्मा पुसत म्हणाली. "आता काढा बघू बाहेर. कोणी किती वाचवले, ते तरी कळू दे."